क्रुसाकडे तोंड

२ मे
फिलोला अर्धांगाचा झटका येऊन आज अकरा आठवडे. उजवा हात थोडा वळतो. वाचा नाही. थेरपीवाल्या मुलीने चित्रांची कार्डं दिलीत: कप, चावी, मांजर. फि. बघते, मान फिरवते. चाळीस वर्षं बायकोच्या बडबडीला वैतागलो. आता तिने नुसतं माझं नाव...
गावठाणातल्या क्रुसाला रंग देतायत.

५ मे
क्रुसापुढची प्रार्थना सुरू. रोज संध्याकाळी एका घराची पाळी, आमची ९ तारखेला. प्रार्थना सांगायला दरवर्षी फि.च. यंदा पाळी सोडतो म्हणालो. शेजारच्या रेजिना मावशी शांतपणे म्हणाल्या, "प्लेगमध्ये घरं रिकामी झाली तेव्हा लोकांनी हा उभा केला. तुला एक संध्याकाळ उभं राहवत नाही?"

९ मे
प्रार्थनेनंतर लोकांना वाटायचे चणे भिजत घालायला विसरलो. ते फि.चं काम. मावशी: "पेपरात जन्मभर लोकांच्या चुका काढल्यास ना?" कुकरच्या नऊ शिट्ट्या, तरी कडक. लोकांनी मुकाट खाल्ले.
फि.ला चाकाच्या खुर्चीतून नेलं, लोकांत पुढेच बसवलं. सांगणाऱ्याने क्रुसाकडे तोंड करायचं, लोकांकडे पाठ. विनंतीमाला वाचताना आवाज दोनदा फाटला. दर ओळीला मागून सगळे, "आमच्यासाठी विनंती कर." त्या आवाजावर रेटून नेलं.
नंतर मावशींनी दंड धरला. "फिलो बोलली रे. सगळ्यांबरोबर."
मी ऐकलं नाही. माझी पाठ होती.

१० मे
घरी तिच्यासमोर बसून तीच माला वाचली. एक ओळ, थांबलो. पुढची, थांबलो. काही नाही. खिडकीकडे बघत होती.
मावशींना परत विचारलं, नक्की? "क्रुसासमोर खोटं बोलेन मी?" मग जरा वेळाने: "गलका होता. पण ओठ हलले, एवढं नक्की."
एकच साक्षीदार, तोही डळमळीत. पेपरच्या डेस्कवर असतो तर बातमी थांबवली असती. इथे दिवसभर तीच घेऊन फिरतोय.

११ मे
दुपारी फि.ने डाव्या हाताने कपाट दाखवलं. साडी? नाही. पर्स? नाही. प्रार्थनेला डोक्यावर घेते तो स्कार्फ. हातात दिला, मांडीवर घेऊन बसलीय.
आज समोरच्या घराची पाळी, सांगणारा दुसरा. मी तिच्यापुढे स्टूल टाकून बसणार, तिच्याकडे तोंड करून. क्रुसाकडे पाठ होईल. चालेल त्याला.
साडेसहा. खुर्ची बाहेर काढतो.