मनाचं चित्त, चित्त्याचा मन्या

प्रिय भावजी,

वहिनीचे अनेक आशीर्वाद. (वयाने तुम्ही माझ्याहून दोन महिन्यांनी मोठे आहात, पण नात्याने मी थोरली, तेव्हा मुकाट्याने घ्या.) तुमची पाठ कशी आहे? दिवसभर कॉम्प्युटरपुढे प्रश्नचिन्हासारखे बसू नका. जाऊबाईंचा घसा आता बरा असेल. इकडे आम्ही दोघं धडधाकट आहोत. तुमच्या दादांचा गुडघा तेवढा अधूनमधून कुरकुरतो, पण त्याला आम्ही घरातलाच एक माणूस समजतो.

आज लिहायला बसले ते तुमच्या प्रोग्रामपायी. तीन वर्षांपूर्वी "खास वहिनींच्या टायपिंगसाठी" म्हणून तुम्ही तो करून दिलात, त्यावर मी अर्ध्या गावाचे प्रबंध टाइप केले, आणि कधी ब्र काढला नाही. त्यातली ती 'शोधा'ची चौकट पहिल्यापासून जरा आगाऊ आहे, हे मात्र खरं. 'म' टाइप करायचा अवकाश, की कर्सर निघालाच पहिल्या 'म'कडे. अहो, शब्द तर पुरा होऊ दे! (आमचे शेजारी असेच, वाक्य ऐकायच्या आधी उत्तर देतात.) बरं, नको असलेल्या जागी पोचल्यावर मूळ जागी परत यायची सोय नाही. मी कुठे लिहीत होते ते शोधायला मला पुन्हा 'शोधा'च उघडावं लागतं. तेही मी सोसलं. पण गेल्या आठवड्यात जे झालं ते सोसण्यापलीकडचं होतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला जनावरांचे डॉक्टर आहेत. तोंडाने फटकळ, हाताने देवमाणूस. त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्यात, चारशे बारा पानं, आणि अक्षर असं की एखादं कोकरू कागदावरून चालत गेलंय. मी ते सगळं टाइप केलं. शनिवारी पुस्तक छापखान्यात जायचं होतं. बुधवारी डॉक्टर दारात हजर. "बाई, मी 'मन' फार वापरलंय हो. पुस्तकाला वजन येत नाही. सगळीकडे 'चित्त' करा." मी म्हटलं, एवढंच ना? 'मन' शोधा, 'चित्त' घाला, 'सगळे बदला'. चहा गाळेपर्यंत काम झालं.

चहा पिताना वाचू लागले आणि कप तसाच खाली ठेवला. डॉक्टरांनी उधळलेल्या घोड्याशी 'साचित्ता' केला होता. घोड्याने त्यांचं 'चित्तगट' मोडलं होतं. पाहुण्यांचं 'आगचित्त' झालं होतं, आणि गावातला त्यांचा एकमेव दुश्मन 'दुश्चित्त' झाला होता. (हा शब्द मला बरा वाटला, पण तो मुद्दा नाही.) मी शब्द सांगितला होता हो, शब्दाचा तुकडा नव्हे! तुमच्या प्रोग्रामला दोन्ही सारखेच. मागे फिरावं तर फाइल मी सेव्ह करून बसलेली, आणि हस्तलिखित डॉक्टरांकडे परत गेलेलं. मग मी डोकं चालवलं. (इथेच चुकलं.) उलट केलं. 'चित्त' शोधा, 'मन' घाला, सगळे बदला. सामना परत आला, मनगट सांधलं गेलं, दुश्चित्ताचाही पुन्हा दुश्मन झाला. मी दोनचार पानं चाळली आणि फाइल कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या काकांकडे प्रिंटला दिली. डॉक्टरांना म्हटलं, 'मन'च शोभतं. ते म्हणाले, "मलाही रात्रभर तेच वाटत होतं."

पण मुळातच जिथे 'चित्त' होतं, त्याचं काय? ते माझ्या गावीही नव्हतं. आणि तुमच्या प्रोग्रामने, हा शब्द आधीपासून अमुक ठिकाणी आहे, एवढंसुद्धा सांगितलं नाही. प्रायश्चित्ताचं 'प्रायश्मन' झालं, ते एक वेळ खपलं असतं. पण डॉक्टरांनी तरुणपणी सर्कशीतल्या एका आजारी चित्त्याला वाचवलं होतं. त्यावर अख्खं प्रकरण आहे. तिथे चित्ता झाला 'मना' आणि चित्त्याला झालं 'मन्याला'.

दुसऱ्या दिवशी झेरॉक्सवाले काका कागद छातीशी धरून माझ्या दारात उभे. डोळे लाल.

"हे दादाने लिहिलंय? माझ्याबद्दल?"

भावजी, ते डॉक्टरांचे सख्खे धाकटे भाऊ, हे मला ठाऊक होतं. अकरा वर्षं दोघांत बोलणं नाही, हेही. (डॉक्टरांनी चारचौघांत त्यांच्या बोक्याला लठ्ठ म्हटलं, आणि वर, "मालकावर गेलाय," असं जोडलं.) पण घरात त्यांना मन्या म्हणत, हे मला कोण सांगणार? मी कागद पाहिला. 'मन्याच्या अंगावरचे ठिपके निस्तेज झाले होते. आठ दिवस मी त्याच्याजवळ बसून राहिलो. नवव्या दिवशी मन्याने मांसाचा तुकडा खाल्ला, आणि मी भिंतीकडे तोंड करून रडलो.'

"कांजिण्या झाल्या होत्या मला," काका म्हणाले. "दादा उशाशी बसायचा. मांस मी खात नाही, पण लेखक लोक तेवढं वाढवतातच."

"आणि इथे खाली शेपटी आपटली म्हटलंय, ते?" मी चाचरत विचारलं.

"माकडच म्हणायचा तो मला!" असं म्हणून ते दवाखान्याकडे चालू लागले. मी एका पायात माझी आणि दुसऱ्यात तुमच्या दादांची चप्पल घालून मागे धावले.

डॉक्टरांचं बोट सशाच्या तोंडात होतं. काकांनी पान पुढे धरलं. डॉक्टरांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं, "डॉक्टर, तो खरं म्हणजे चि..."

"बाई, ससा धरा," ते म्हणाले. मी ससा धरला. त्यांनी हात धुतले, बराच वेळ धुतले.

"बोका कसा आहे?"

"गेला. चार वर्षं झाली."

"मला बोलवायचंस."

"बोलत होतो का आपण?"

डॉक्टर स्टुलावर बसले. "तसा फार लठ्ठ नव्हता रे," ते म्हणाले. मी सशाकडे बघत राहिले, कारण दुसरीकडे कुठे बघायची सोय नव्हती.

काका गेल्यावर मी सगळा कबुलीजबाब दिला आणि म्हटलं, शनिवारच्या आत दुरुस्त करते. डॉक्टर म्हणाले, "बाकीचं करा. ते प्रकरण राहू द्या." मी म्हटलं, आणि चित्ता? "चित्ता काही पुस्तक वाचणार नाही."

कळावे, लोभ आहेच, राग थोडासा आहे.

तुमची
वहिनी

ता. क. : तेव्हा 'शोधा'ने कसं वागावं ते लिहून घ्या. पूर्ण शब्द हवा की तुकडा, हे आधी विचारावं. किती सापडले ते सांगावं. बदलण्याआधी एकेक दाखवावा. शोधणं सोडलं की मला उचललं तिथेच आणून ठेवावं. आणि ऱ्हस्वदीर्घ चुकलं म्हणून शब्दाला ओळखच दाखवू नये, हा शिष्टपणा बंद.

ता. क. २ : ही दुरुस्ती मेलने पाठवू नका. स्वतः घेऊन या, दोन दिवसांचे कपडे घेऊन. गच्चीवरच्या टाकीवरून तुम्हा भावांचं वाजलं त्याला पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील. माझी पत्रं मी याच प्रोग्रामात ठेवते, तुम्हाला लिहिलेल्यांवर तुमचं नाव घालून. काल उघडलं तर 'शोधा'च्या चौकटीत कोणीतरी शब्द टाइप केलेला: 'बाळु'. घरात माझ्याशिवाय तुमचे दादाच आहेत, आणि ते अजूनही तुमचं नाव ऱ्हस्वच लिहितात. खाली लाल अक्षरांत उत्तर होतं: सापडले नाही.