लाल कोटातले कर्नलसाहेब

३ जानेवारी
जुन्या बाजारातून तैलचित्र आणलं. लाल कोट, झुपकेदार मिशा. ब्रिटिश लष्करी अधिकारी. बाजारवाला म्हणाला, लेफ्टनंट असेल. त्याला काय कळतंय? ही नजर किमान कर्नलची. महिन्याभरात नाव शोधायचं, वर्षअखेर पुस्तक. बायको म्हणाली, आधी धूळ पुसा.

४ जानेवारी
पुसली. डावा कान थोडा गेला. फडकं निष्कारण ओलं होतं. इतिहासाला कान लागत नाही.

१२ जानेवारी, दुपारी
ऑफिसात भिंगाखाली चित्राचा फोटो. बटणावर पलटणीचा आकडा, तीन किंवा आठ. आठच. साहेबांनी विचारलं, काय चाललंय. संशोधन, म्हणालो. बराच वेळ बघत राहिले. आदर असावा.

१५ जानेवारी
आठव्या पलटणीच्या म्युझियमला फोटोसह ईमेल. कर्नलसाहेबांनी शत्रूच्या तोफा काबीज केल्या असाव्यात, हेही कळवलं. तेवढंच त्यांचं काम हलकं.

२ फेब्रुवारी
उत्तर नाही. हादरले असतील. वाचनालयात व्याख्यान ठरवून टाकलं: ‘एक विस्मृत सेनानी’. मेहुणा म्हणतो, चेहरा बँडमास्तरचा आहे. मेहुणा सिमेंट विकतो.

११ फेब्रुवारी
उत्तर आलं. पलटण तिसरी निघाली. आठव्यावाल्यांनी ईमेल तिकडे पाठवला. त्यांच्याकडे याच गृहस्थांचा फोटो आहे. लेफ्टनंट. चाऱ्याच्या गोदामावर चौदा महिने. लढाई एकही नाही. खेचराने लाथ मारल्यामुळे निवृत्त.
म्हणजे कर्तव्यावर जखमी! व्याख्यानात खेचराचा उल्लेख टाळावा.

१८ फेब्रुवारी
व्याख्यान झालं. श्रोते सात, त्यात बायको, मेहुणा आणि पंखे बंद करायला थांबलेला शिपाई. पाऊण तास बोललो. लेफ्टनंटची आजीसुद्धा सोडली नाही.
शेवटी मागच्या रांगेतले एक म्हातारे उठले. म्हणाले, “मी तुमच्या वडिलांबरोबर लष्कराच्या गोदामात होतो. बावीस वर्षं. पुरात तीन दिवस छपरावर बसून त्यांनी धान्य राखलं. त्यांच्यावर कधी बोलणार?”
मी म्हणालो, लवकरच. वडील कुठल्याशा कचेरीत होते, अशी माझी समजूत होती.
वाटेत बायकोला विचारलं, तुला माहीत होतं का. होतं म्हणाली. ते रोज जेवताना सांगायचे. तुम्ही पेपर वाचत असायचात.

१९ फेब्रुवारी
नवी वही काढली. पहिल्या पानावर वडिलांचं नाव लिहिलं. जन्मतारीख बायकोला विचारावी लागली.