झाकण उघडं ठेवून

२ डिसेंबर
काल आई मावशीकडे टेंभुर्णीला गेली. तिची एस.टी. सुटली असेल-नसेल, मी गच्चीवरच्या खोलीत पातेलं चढवलं. माल्ट, म्हणजे मोड काढलेले जव, बेताच्या गरम पाण्यात भिजवलं, त्यात जाड पोहे. गाळलं, हॉप्सची कडू फुलं टाकली, तासभर उकळलं. झाकण घट्ट लावून. गल्लीत वास जायला नको. गार झाल्यावर यीस्ट घालून ड्रममध्ये भरलं. घरी असलं काही करणं कायद्यात बसत नाही, तेही आहेच.

एवढं सगळं केलं आणि मला मात्र वास म्हणून काही आला नाही. ऑक्टोबरातल्या तापापासून नाक बंद. सर्दी नाही, काही नाही. नुसतं बंद. डॉक्टर म्हणतात येईल हळूहळू. यांचं हळूहळू म्हणजे किती?

आमच्या बियरच्या प्लांटमध्ये पगार नाकाचाच मिळतो मला. रोज अकरा वाजता पॅनेल बसतं, ग्लास हुंगायचे, घोट घ्यायचा, मार्क द्यायचे. शेवटचे पंधरा दिवस शेजारच्या कदमच्या कागदावर डोळा ठेवून मार्क टाकले. मग अशक्तपणा सांगून रजा काढली आणि इकडे सोलापुरात आईकडे आलो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

३ डिसेंबर
आई परत. मला गच्चीवर ये-जा करताना बघून म्हणाली, पायाला भिंगरी बांधलीय का.

नोकरी लागली तेव्हाच तिनं बजावलं होतं, पगार तिथला घे, पण दारू उंबऱ्याच्या आत न्हाय आणायची. गच्चीचा जिना बाहेरून आहे, लोखंडी. वाटेत उंबरा कुठेच लागत नाही. असा युक्तिवाद मी आज दिवसभर मनातल्या मनात करतोय, यावरून काय ते समजावं.

काय करायचंय ते एकदा लिहून ठेवतो, म्हणजे डोकं शांत होईल. आमच्या कंपनीची साधी बियर हुबेहूब करायची. फिकी, हलकी, गार असली की पाण्यासारखी उतरणारी. शौकीन लोक हिला हसतात. करून बघा म्हणावं. काळ्या, कडू बियरमध्ये चूक खपून जाते, हिच्यात लपवायला जागाच नाही. ही नाकाशिवाय, नुसत्या घड्याळ-थर्मामीटरवर जमली, तर साहेबांना सांगता येईल की नाक गेलं पण हात शाबूत आहेत, मला पॅनेलवरून काढा आणि उकळायच्या विभागात टाका. नाहीतर चाळिशीत नवीन नोकरी कुठे शोधू?

जानेवारीत साहेब भाच्याच्या लग्नाला सोलापुरात येणार आहेत. तेव्हा दोन ग्लास पुढे ठेवायचे. एक त्यांचा, एक माझा.

डोकं शांत वगैरे काही झालं नाही.

६ डिसेंबर
सकाळी आईबरोबर विहारात. पांढरी साडी, मेणबत्त्या, गर्दी. पंचशील म्हणताना पाचव्याला माझा आवाज नेहमीसारखा खाली गेला. पाचवं म्हणजे मद्याचं. नोकरी लागल्यापासून तिथे नुसते ओठ हलवतो. आईला माहीत आहे. तिनं कधी विषय काढला नाही.

घरी ड्रम बुडबुडत असणार. तिथे उभा राहून त्याचाच विचार. आजच्या दिवशी तरी नको होता. लाज वाटली.

९ डिसेंबर
बायकोचा, सु.चा फोन. तिची शाळा असल्यामुळे ती आणि आमची पोरगी पिंकी तिकडेच, प्लांटच्या क्वार्टरमध्ये. म्हणाली, दुकानात मिळते तशीच बियर करायला तुला दीड महिना लागणार? मग वेगळं काय केलंस? तिला म्हटलं, वेगळं काही न करणं हेच तर. "मग सरळ सांगून टाक ना साहेबांना." मी फोन ठेवला.

आज परत ड्रम उघडून बघितला. उघडू नये, हवा लागते, हे मीच ट्रेनी पोरांना शिकवतो. पण नाकानं कळत नाही म्हणून डोळ्यांनी बघायचं, डोळ्यांनाही कळत नाही म्हणून परत बघायचं. पॅनेलवर आम्ही मोठे नाकानं कांदे सोलायचो. आता खरा कांदा सोलला तरी नुसतं डोळ्यांना पाणी.

१३ डिसेंबर
झालं.

आई वाळवणाची खाट बघायला वर आली. मी ड्रम उघडून बसलेला. दारातच थांबली.

"मका उकडलास व्हय? कणसं कुटं हाईत?"

मी म्हटलं, कसला मका? मक्याचा वास येतोय? ती ड्रमकडे बघेना. माझ्याकडेच बघत राहिली.

"तुला येत न्हाय?"

मी ड्रमचं झाकण लावलं. मग म्हणाली, परवाची आमटी आंबली हुती. मी टाकायला काढली तर तू दोन वाट्या वरपून गेलास. तवाच वाटलं मला.

खाली निघून गेली. ड्रममध्ये काय आहे ते विचारलंच नाही. विचारायची गरज नव्हती.

१४ डिसेंबर
आई बोलत नाही. जेवायला वाढते. भाकरी, शेंगाचटणी, दही. ताटाकडे बघून कळतं काय आहे. चव म्हणजे तिखट-आंबट-खारट एवढीच.

उकडलेला मका. पुस्तकात सांगितलेली चूक आहे ही. उकळताना झाकण ठेवलं की तो वास वाफेबरोबर निघून जात नाही, आतच राहतो. पहिल्या वर्षाच्या पोराला माहीत असतं. मलाही माहीत होतं. वास बाहेर जाऊ नये म्हणून झाकण ठेवलं आणि तोच वास बियरमध्ये कोंडून ठेवला. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

१५ डिसेंबर
दुपारी आई वर आली. पाटावर बसली. मी सगळं सांगितलं, नाक, कदमचा कागद, साहेब, दोन ग्लास. मान खाली घालून, शाळेत असल्यासारखा.

 मग बोलली. अण्णांबद्दल, माझ्या वडलांबद्दल, तिनं माझ्याजवळ कधी असं बोलल्याचं आठवत नाही.

"तुजा बाप दारात हुबा राहिला की मला कळायचं, कुटली पिऊन आलाय. हातभट्टी, देशी, समदं. त्यो म्हनायचा प्यालोच न्हाय. एवढी वर्सं नाकच कामाला लावलं मी."

मला रडू आलं. तिला नाही आलं.

म्हणाली, ही फेक. मी मोरीत ओतली, ती बाजूला उभी. सगळी संपेपर्यंत हलली नाही. मग म्हणाली, परत कर. पण झाकन उगडं ठिवून कर. चोरून त्यो करायचा.

मी म्हटलं, आणि तुझं शील? तर म्हणे, जिभेला लावनार न्हाय. वास घेतल्यानं शील मोडत न्हाय.

एक अट घातली. साहेब आले की नाकाचं त्यांना सांगायचं, काहीही होवो. हो म्हटलं. हो म्हणायला काय लागतं.

२१ डिसेंबर
दुसरी खेप. दार-खिडकी उघडी, पातेलं उघडं. वाफ गच्चीभर. पोह्यांचा डबा आईनंच आणून दिला. म्हणाली, आता चोरायचं काम न्हाय.

शेजारच्या कमलमावशी भिंतीवरून, काय शिजतंय वं? मी हातातला झारा खाली ठेवला. आई खोटं बोलत नाही, कशासाठीच नाही. म्हणाली, पोराचं कंपनीतलं काम हाय, त्याला दुसरं काही ईचारू नकोस. मावशी गेल्या. एवढं सोपं होतं तर.

ड्रमला ओली चादर गुंडाळली, म्हणजे दुपारी तापणार नाही. टोक बादलीत. आपली सोलापुरी चादर पाणी धरून ठेवते चांगली.

२ जानेवारी
आई रोज सकाळी एकदा वर येते. वाटीत थोडी काढून देतो. पदर नाकावरून बाजूला करते, हुंगते, वाटी परत करते. कपाळाला आठी. तिला हे सोसत नाही, दिसतं. मी बघतो आणि तरी वाटी पुढे करतो.

आज म्हणाली, लोनी. कढवायला घेतलेलं लोनी.

बरोबर. हेही पुस्तकात आहे. यीस्टचं काम अर्धवट राहिलं की लोण्याचा वास येतो. थोडी ऊब दिली की यीस्ट स्वतःच तो खाऊन टाकतं. ओली चादर काढली, कोरडी गुंडाळली. वरून आईची गोधडी. बाळंतिणीसारखी काळजी घेतोय.

५ जानेवारी
लोणी गेलं. आई म्हणते, आता वासच न्हाय कसला, नुसता गार पान्यासारका. मी नाचायचाच बाकी. यापेक्षा चांगले मार्क पॅनेलनं कधी दिले नाहीत.

भंगारात द्यायचा जुना फ्रिज वर चढवून घेतला. आता बाटल्यांत भरून तीन आठवडे गारठ्यात. हात लावायचा नाही. मी तर नाहीच.

१६ जानेवारी
गावात गड्डा यात्रेची गर्दी. मामेभावानं शेतावर हुरड्याला बोलावलं. गोवऱ्यांचा धूर डोळ्यांत गेला. नाकात काही नाही. सगळे म्हणत होते काय वास सुटलाय. मी पण म्हटलं, वा, काय वास सुटलाय.

परत येताना गाडीवर आई मागे बसलेली. म्हणाली, तितं कशाला बोललास तसं. मी वेग वाढवला.

२४ जानेवारी
साहेब आले. लग्न उरकून, सफारीत, गळ्यात अजून हार. लोखंडी जिन्यावरून वर. आई पण आली, कोपऱ्यात पाटावर बसली. यायची गरज नव्हती तिची.

दोन ग्लास. साहेबांनी हुंगलं, घोट घेतला, परत हुंगलं. परत घोट. मी उभाच. साहेब हसायला लागले. एक ग्लास उचलून म्हणाले, ही आपली कंपनीची. तर ती माझी होती.

मग पाठीवर थाप. घरात, पोह्यावर, फ्रिजच्या डब्यात? अरे, तुझ्या नाकाला तोड नाही, म्हणाले. कदम रिटायर होतोय, पॅनेल तुझ्याकडेच द्यायचं ठरवतोय मी. सोमवारी सव्वीस जानेवारीची सुट्टी, मंगळवारी हजर हो.

सांगायचं होतं. तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. साहेब इतके खूश. "थँक्यू सर," म्हणालो.

साहेब आईला म्हणाले, माऊली, पोरगा सोनं आहे तुमचा. आई काही बोलली नाही. उठली, दोन्ही ग्लास घेतले, मोरीत ओतले, विसळून पालथे घातले. साहेबांना वाटलं, धार्मिक आहेत.

पॅनेलचा प्रमुख. इतकी वर्षं हेच हवं होतं.

संध्याकाळी आई वंदनेला बसली. मी शेजारी, रोजच्यासारखा. पहिलं, दुसरं, तिसरं. चौथ्याला ती थांबली. खोटं न बोलण्याचं. मला वाटलं ठसका लागला. नव्हता. मी म्हणण्याची वाट बघत होती. पाचव्याची सवय आहे मला, तिथे आवाज खाली नेता येतो. चौथ्याला तो निघालाच नाही.

थोड्या वेळानं तिनं मेणबत्ती फुंकली. वंदना अर्धीच ठेवून भाकऱ्या टाकायला गेली. आजवर तिनं असं कधी केलेलं नाही, तापातसुद्धा नाही.

२५ जानेवारी, रविवार
सु.ला फोन केला. पॅनेलचं सांगितलं. ती विचारते, आणि नाकाचं? म्हटलं, बघू. तिनं फोन पिंकीला दिला.

गच्चीवर फेऱ्या. फ्रिज उघडला, बंद केला. आत सहा बाटल्या आहेत अजून. एक उघडली, हुंगली. काही नाही. घोट घेतला. गार आहे, फेस आहे, बाकी पाणी. आईनं सांगितलं म्हणून चांगली.

साहेबांचा नंबर काढून ठेवलाय. मंगळवारी अकरा वाजता पॅनेल. सगळे माझ्याकडे बघणार आणि मी कोणाच्या कागदाकडे बघणार?

खालून काडी ओढल्याचा आवाज. आईनं मेणबत्ती लावली. आज पहिल्यापासून नाही म्हटलं तिनं. सरळ चौथ्यापासून. पहिले दोन शब्द, आणि थांबली.

दार उघडं आहे खाली. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून हे लिहितोय. ती अजून थांबलेलीच आहे.