पावसात पेरलेली नाचणी

बेर्शेबा, इस्राएल, २० जानेवारी १९७६

प्रिय रिव्का हिला दादाचा शालोम, मुलांना आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत. तुझी वहिनी जेमायमा इस्पितळातून घरी आली. खाणं मात्र नाही. नाचणीची आंबील तेवढी मागते.

तू पाठवलेलं नाचणीचं बी मी वाया घालवलं. बाबा पावसाबरोबर पेरायचे, म्हणून मीही डिसेंबरच्या पावसात सगळं पेरून मोकळा झालो. बोटभर वर आलं, पिवळं पडलं नि तिथेच बसलं. शेजारच्या गव्हाला मात्र कोण जोर.

मी ज्या शेती संशोधन संस्थेत माळीकाम करतो तिथली शोशाना गवतांचाच अभ्यास करते. म्हणाली, "काका, पाऊस बघितलात, थंडी नाही बघितलीत?" उन्हातून अन्न करायच्या गवतांच्या दोन रीती असतात म्हणे. नाचणी, ज्वारी, ऊस यांची रीत कडक उन्हात चालते, थंडीत अडते. गव्हाची थंडीत बरी चालते. आपल्या कोकणात पाऊस गरमीत येतो, इथे थंडीत. बारा वर्षं इथली माती उकरून मला एवढं कळू नये. स्वतःचाच राग येतो.

आता मेमध्ये नळाच्या पाण्यावर पेरा, म्हणते. पण कापणीला सप्टेंबर उजाडेल, आणि जेमायमा रोज थोडी वाळतेय.

तुझा गुडघा कसा आहे? पुढच्या महिन्यात मामांचा अब्राहम मुंबईहून इकडे येतोय. त्याच्याकडे बी नको, पीठ दे. बी मागाहून पाठव. जेमायमा उठून बसली की दोघं मिळून पेरू.

तुम्हा सर्वांचं बरं चिंतणारा,
एलिजादादा