पितृपक्षात घेतलेली मोटार

९ सप्टेंबर १९५६, रविवार

मोटार मिळत नाही! धुळ्यात आज दिवसभर पायपीट केली. परदेशी गाड्या येणं जवळजवळ बंद. इथं बनते तिला नंबर लावा आणि दोन वर्षं वाट बघा. म्हणून जुन्या डब्यांना सोन्याचा भाव आलाय. पाचकंदिलाजवळ एक डबा पाहिला. दार दोरीनं बांधलेलं, पुढचा एक दिवा गायब. तरी मालक पाच हजारांच्या खाली यायला तयार नाही. वर ऐकवतो — घ्यायची तर आज घ्या, उद्या साडेपाच होतील.

मोटार पारखायला बरोबर नेलेला मगन मिस्त्री हसत होता. "शालिग्रामभाऊ, आते इकणारा राजा शे. लेणाराना हाल!"

हसू दे. मला मोटार पाहिजे म्हणजे पाहिजे.

११ सप्टेंबर

गावात कुजबूज — शालिग्रामला शेंगांचे पैसे चढले, आता साहेब व्हायचंय. बोलू देत. त्यांना काय सांगू? मागच्या वर्षी कुंदाला सातव्यातच कळा सुटल्या. सोनगीरच्या पुढचं आमचं गाव, तिथून धुळं सोळा मैल. बैलगाडीनं साडेपाच तास लागले. मुलगी दोन तास जगली. इवलीशी मूठ होती, तिनं माझं बोट धरलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन तास आधी आला असतात तर..." पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. मला अजून ते सोडवत नाही.

या खेपेला त्यांनी बजावलंय. एरंडोलला माहेरी पाठवायचं नाही, गाडीचे धक्के नकोत, अंथरुणावर पडून राहायचं. पहिली कळ आली की मोटारीत घालून सरळ दवाखान्यात. आठवा लागलाय. तेव्हा हौस कसली? मला मोटार म्हणजे पाऊण तासात धुळं, एवढंच.

१५ सप्टेंबर

आणखी एक हातची गेली. मी मान डोलावून पैसे आणायला वळलो, तेवढ्यात दुसऱ्यानं तीनशे वाढवून दिले. हात चोळत परत.

१९ सप्टेंबर

बातमी! तेलगिरणीतले दस्तूर बावाजी निवृत्त होऊन नवसारीला चाललेत. त्यांची काळी मोटार धुळ्यात सगळ्यांना ठाऊक आहे — रोज सकाळी स्वतः फडक्यानं पुसायचे. चंपालाल शेठनं साडेपाच हजार कबूल केलेत, पण उचलणार दसऱ्याला. उद्या-परवापासून पितृपक्ष, त्यात शेठजी खिळासुद्धा विकत घेत नाहीत. आणि बावाजींना पंचवीस तारखेच्या आत निघायचंय. घोडं तिथं अडलंय.

अख्ख्या धुळ्यात या पंधरा दिवसांत मोटार घेणारा कुणी निघायचा नाही. एक मी सोडून!

२२ सप्टेंबर, शनिवार

घेतली!! चार हजारांत!

बावाजी म्हणाले, "डिकरा, तुला चालते ना हे दिवस? मागून माझ्या नावानं रडू नको." मी म्हटलं, बावाजी, आमचे पितर शहाणे आहेत, पणतू नीट जन्मला तर त्यांना आनंदच होईल. ते खूप हसले. मग मोटारीच्या टपावरून हात फिरवला आणि आत निघून गेले. डोळे भरले होते म्हाताऱ्याचे.

येताना नगावजवळ एक कावळा काचेवर आदळला. रस्त्यातच मेला. उतरून बाजूला केला, काच पुसली. कुणाला सांगितलं नाही. सांगायचंय काय त्यात! कावळे मरतातच.

२३ सप्टेंबर

काल मायनं ओवाळलं नाही. नारळ नाही, कुंकू नाही. ओट्यावरून खालीच उतरली नाही. "पितरेसना पंधरा दिनमा कोनी सुई लेत नही, आनि तू मोटार लई उना!" मग हुकूम सुटला — "अमावस सरू दे. तोपावत पोटुशी बाईनी त्यामा पाय ठेवाना नही."

मी म्हटलं, माय, विसावं शतक अर्धं संपलं. ती म्हणाली, संपू दे!

वाद घालण्यात अर्थ नाही. महिनाभर तरी अवकाश आहे. अमावास्या चार तारखेला. दसऱ्याला हार घालू, मायचंही समाधान होईल. मोटार खळ्यात ताडपत्रीखाली ठेवलीय.

२६ सप्टेंबर

कुंदा खिडकीतून मोटारीकडे बघत असते. आज म्हणाली, "अहो, चालवू नका. नुसती दोन मिनिटं बसते, उभ्या मोटारीत. आत वास कसा असतो ते बघते." लहान मुलीसारखा हट्ट. माय तेव्हा मळ्यात होती, घरात कुणी नव्हतं.

दसऱ्याला, म्हटलं.

तिनं तोंड फिरवलं. रुसली की काय न कळे. मग माझा हात ओढून पोटावर ठेवला. आत पोरगा लाथा मारत होता — पोरगाच, तिची खात्री आहे. बैलाचं बळ आहे पायात.

२८ सप्टेंबर

मोटारीला लिंबू-मिरची बांधली. मायला बरं वाटावं म्हणून. माय म्हणाली, मी कधी सांगितलं होतं?

३० सप्टेंबर

रोज सकाळी मोटार सुरू करून बघतो. हँडलच्या पहिल्याच फेरीला सुरू होते. बावाजींनी लेकरासारखी जपली.

१ ऑक्टोबर, सोमवार

पहाटे कळा. गाडी जुंपून निघालो. नंतर लिहीन.

२ ऑक्टोबर

मुलगा होता.

३ ऑक्टोबर

कुंदा वाचली. रक्त फार गेलंय. बाटली लावलीय. डॉक्टरीणबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. फक्त एकदा खिडकीतून खाली बघितलं. खाली बैलगाडी उभी होती.

दुपारी कुंदानं डोळे उघडले. पहिला शब्द — "मोटार?"

मी तिची चादर सारखी केली.

"मोटार का नाही काढलीत?"

मी म्हटलं — माय नको म्हणाली. अमावास्येपर्यंत.

माय दाराशीच उभी होती, पाण्याचा तांब्या घेऊन. सगळं ऐकलं तिनं. काही बोलली नाही. काय बोलणार! तांब्या खाली ठेवला आणि बाहेर जाऊन बसली.

६ ऑक्टोबर

झोप नाही. लिहून टाकतो, नाहीतर डोकं फुटेल.

सडक कोरडी होती. खडखडीत कोरडी! ऊन पडलेलं. मोटारीला पाऊण तास लागला असता, पाऊण तास. सोनगीरपर्यंत कुंदा ओठ चावत होती. पुढं ओरडायला लागली. चाक खड्ड्यात गेलं की माझं नाव घ्यायची — एरवी कधी घेत नाही. लोटन बैलांना मारत होता आणि रडत होता. "भाऊ, बैल दमी ग्यात, भाऊ!" पंधरा वर्षं आमच्याकडे आहे, त्याला रडताना पाहिला नव्हता.

नगावच्या अलीकडे लिंबाखाली गाडी थांबवावी लागली. सुईण होती बरोबर. मायनं कुंदाचं डोकं मांडीवर घेतलं होतं, पदरानं वारा घालत होती. पोर आडवं आलं होतं. बाहेर आलं तेव्हा निळं. सुईणीनं पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात फुंकर घातली. रडलं नाही ते.

आणि त्याच वेळी एक मोटार बाजूनं गेली. कुणाची कोण जाणे. धूळ उडवत गेली.

सगळं माझ्याकडे होतं. धुळ्यात पैसे देऊन मिळत नव्हती ती वस्तू मी मिळवली होती. माझ्या खळ्यात उभी होती.

८ ऑक्टोबर

मायचं तोंड बघवत नाही. भाकरी वाढते, मी ताट सरकवतो. कुणाच्या पितरांनी खाल्ला माझा पोरगा? माझ्या बापानं? त्याचं श्राद्ध घातलं होतं की, खीर-वडे केले होते! आज हे सगळं तोंडावर बोललो. माय चुलीपुढं बसून राहिली. मान वर केली नाही. लाकूड विझलं तरी फुंकलं नाही.

१० ऑक्टोबर

चंपालाल शेठ भेटायला आले. सांत्वनाला, असं म्हणायचं. चहा पिऊन झाल्यावर खळ्याकडे नजर. "शालिग्रामभाऊ, सौदा मात्र तुम्ही लाखात एक केला. आता ठेवून काय करता? सहा देतो. दसरा तोंडावर आहे, भाव आणखी चढेल, पण तुमच्यासाठी सहा."

अठरा दिवसांत दोन हजारांचा नफा! गावात हुशार म्हणून माझं नाव झालंय म्हणे.

शेठना म्हटलं, उठा.

१४ ऑक्टोबर, दसरा

मोटारीला हार घातला नाही.

२१ ऑक्टोबर

कुंदाला दवाखान्यातून सोडलं. तिचा भाऊ रतिलाल एरंडोलहून आला होता, तो तिला घेऊन गेला. मी म्हटलं, मोटारीनं सोडतो. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि भावाचा हात धरला. एसटीनं गेली. एवढी अशक्त, दोघांच्या आधारानं पायरी चढली, पण एसटीनं गेली.

२९ ऑक्टोबर

रतिलालचं पत्र. अक्षर त्याचं, बोलणं कुंदाचं. "सासूबाई त्या घरात असेपर्यंत मी येणार नाही. ज्यांनी माझ्या बाळापेक्षा अमावास्या मोठी मानली, त्यांच्या हातचं पाणी मला चालणार नाही. तुमचा काही दोष नाही. तुम्ही तर माझ्यासाठीच मोटार आणली होती, हे मी जन्मभर विसरणार नाही."

तीनदा वाचलं. उशीखाली ठेवलं. परत काढून वाचलं.

४ नोव्हेंबर

दिवाळी कधी आली, कधी सरली. एक पणती मायनं लावली होती, वाऱ्यानं विझली.

आज सकाळी माय समोर येऊन बसली. कुंदाच्या पत्रातलं सगळं तिला कळलंय. रतिलाल तिकडे कुणाजवळ बोलला असणार, बायकांकडून इथं आलं. म्हणाली, "मी पिंपळनेरले जास. तोतारामकडे ऱ्हासू. तुमना संसार मोडाले नको."

तोतारामचं म्हणजे मामाचं घर दोन खोल्यांचं. मामी तोंडाची फटकळ. चाळीस वर्षं माय या घराची मालकीण आहे, तिथं आश्रिताला जाणार.

मला "नको" म्हणायचं होतं. खरंच म्हणायचं होतं. तोंडून निघालं — कधी जायचं?

"तू सांगशी तधय."

६ नोव्हेंबर

एरंडोलला पत्र टाकलं. माय पिंपळनेरला चाललीय, बारा तारखेला घ्यायला येतो.

११ नोव्हेंबर, रविवार

मायला पोचवून आलो. मोटारीनं.

तिचं सामान एक ट्रंक, एक वळकटी, देवांचं गाठोडं. मोटारीत पहिल्यांदा बसली. पुढं बस म्हटलं, नको म्हणाली, मागं बसली. कोपऱ्यात, अंग चोरून. मी आरशातून बघत होतो. गादीवरून हळूहळू हात फिरवत होती, जशी बैलाच्या पाठीवरून फिरवते. मग खिडकीची काच खाली करायला सांगितली. एवढंच.

साक्रीला चहा घेतला. तिनं बशीत ओतून अर्धा मला दिला. लहानपणी द्यायची तसा.

पिंपळनेरला मामाच्या दारात पोरं गोळा झाली — मोटार आली, मोटार आली! माय उतरली. ट्रंक आत ठेवून मी पाया पडलो. तिनं खांद्याला धरून उठवलं. कुणाला ऐकू जाणार नाही असं बोलली — "कुंदाले जप. तिले काही सांगू नको."

येताना दोनदा मोटार कडेला थांबवावी लागली. रस्ता दिसत नव्हता.

१२ नोव्हेंबर

एरंडोलला निघण्याआधी इथं तरी खरं लिहितो. त्या पहाटे माय कुंदाच्या खोलीतून धावत अंगणात आली. माझे दोन्ही दंड धरले. "मोटारमा लई जा तिले. आते लगेच! पितरेसले मी देखी लिसू."

मी म्हटलं, नको माय, अजून तीन दिवस आहेत. आणि लोटनला बैल जुंपायला सांगितलं.