विमानाच्या काचेची दांडी

चिरंजीव सेबियो यास पान्फिलोदाजीचे आशीर्वाद.

तुझी पाठ आणि कॅलिफोर्नियातली ती जुन्या सुट्या भागांची वखार, दोन्ही ठणठणीत असतील असं धरून चालतो. (अकरा वर्षांत तुझं पत्र नाही, तेव्हा धरूनच चालावं लागतं.) इकडे गावी, फ्लोरिदाब्लांकात, ऊन मरणाचं आहे.

लिहिण्यास कारण एक सुटा भाग. आपलं लढाऊ विमान आता गावच्या चौकात चौथऱ्यावर बसवलंय. आवाजाला मागे टाकणारं ते चिमुकलं जेट ट्रायसिकल रिक्षांच्या थांब्यासमोर नाक वर करून उभं असतं. हवाई तळावर नोकरीत असताना, सुटे भाग येईनासे झाल्यावर आपण दोघांनी याचं काढून त्याला लावायचा सपाटा लावला होता ना, त्यामुळे त्या एकात चार विमानं आहेत (आणि चारही कुरकुरतात). त्याची देखभाल मी हौसेनं करतो.

गेल्या महिन्यात कॉकपिटात पाणी साचलं म्हणून फडकं घेऊन आत उतरलो. कबुतरं शिरू नयेत म्हणून काच ओढून घेतली. उघडायला गेलो तर आतली दांडी मुळापासून हातात आली! मी काच ठोकतोय, आणि खाली जमलेली शाळेची पोरं मला सलाम ठोकताहेत. काच बाहेरूनही उघडते, हे त्या गर्दीत एकाला माहीत असेल तर शपथ.

तेवढ्यात तुझी ताई रेमेदियोस डबा घेऊन आली. "अहो, वरच राहायचं असेल तर तसं सांगा, डबा परत नेते!" मग तिला उकडून लाल झालेलं माझं तोंड दिसलं. डबा रस्त्यावर टाकून ती सुजल्या पायांनी शिडी चढली, बाहेरची कडी बरोबर फिरवली (जेवताना आपण विमानांशिवाय दुसरं बोलायचो काय?), म्हणाली, "काय हा अवतार!" आणि तिथंच तिची शुद्ध हरपली. मी मनगट धरलं म्हणून वाचली.

दवाखान्यात कळलं, दोन्ही मूत्रपिंडं गेली आहेत. पाय वर्षभर सुजत होते, म्हणाली. मला पत्ता नाही. बत्तीस वर्षं नुसत्या आवाजावरून इंजिनाचा बिघाड सांगितला रे मी. आता आठवड्यातून दोनदा तिला यंत्राला जोडतात, आणि डॉक्टर माझ्याशी फार हळू आवाजात बोलायला लागलेत.

तुमची आई गेली तेव्हा तू आला नाहीस, त्यावरून ती तुला फोनवर नको ते बोलली. मी शेजारीच होतो. थांबवायला हवं होतं, थांबवलं नाही.

तर तुझ्या वखारीत तसली दांडी असली तर बघ. टपालानं पाठवू नकोस, गहाळ होते. हातानं घेऊन ये.

तुझा,
पान्फिलोदाजी

ता. क. दांडी बाजारातल्या वेल्डरनं परवाच बसवून दिली, झकास चालते. तू मात्र लवकर ये.

दुसरा ता. क. पत्र फक्त दांडीचं आहे असं ताईला सांगितलंय. ती म्हणाली, "विमानासाठी येईल तो. माझ्यासाठी कशाला येतोय?" तेव्हा आलास की विमानासाठीच आलो म्हण. भांडू नकोस.

तिसरा ता. क. तिचा तुला काहीही निरोप नाही, असं लिहायला तिनं सांगितलंय. लिहिलं का, म्हणून आत्तापर्यंत दोनदा विचारून गेली.