घर म्हणून सांगितलेला ट्रेलर

शुक्रवार, १० जानेवारी २०२५

बघितली! आणि आता दुसरं काही सुचत नाहीये.

शुक्रवारची मिस्सा संपल्यावर उमैर चर्चच्या गेटवर उभा. उमैर म्हणजे इथे कतारमध्ये, रास लफानला, आमच्या कंपनीच्या बसचा ड्रायव्हर, पाकिस्तानातल्या गुजरांवालाचा. रोज पहाटे मी त्याच्या मागच्या सीटवर बसतो, त्यामुळे माझ्या डोक्यात काय चाललंय ते घरच्यांच्या आधी त्याला कळतं. म्हणाला, "चल, तेरे मतलब की चीज़ दिखाता हूँ." उम्म सलालच्या मागे एका शेतावर नेलं. खजुराच्या रांगेमागे पांढरी, लांबलचक, चाकांवर उभी. मला वाटलं साइट ऑफिस आहे.

ट्रेलर! राहायचा ट्रेलर. 'फिफ्थ व्हील' म्हणतात. पुढचा भाग उंच, पिकअपच्या पाठीवर चढून बसणारा. त्या उंच भागात बेडरूम. कॅनडाच्या डोरीनबाईंचा आहे. नवरा गॅस प्लांटमध्ये होता, रिटायर झाला, आता दोघं परत चाललेत. बाई दारातच म्हणाल्या, "शूज ऑफ, प्लीज." गोऱ्यांच्या घरात चपला काढायला लागणं हे मला पहिल्यांदाच! एकदम बरं वाटलं.

त्यांनी बटण दाबलं आणि भिंत बाहेर सरकली. सोफ्यासकट! खोली दुप्पट झाली. भिंती जाड, काच दुहेरी, दोन एसी. दार लावलं की फ्रिजसारखा आवाज, आणि बाहेरचं सगळं बंद. मी ते दार चार-पाच वेळा उघडलं-लावलं. बाई हसल्या.

सध्या माझं घर म्हणजे माझ्या बहिणीच्या, जुलीताईच्या हॉलमधला सोफा. त्याआधी लेहला ढाब्याच्या माळ्यावर, त्याआधी गोव्यात शॅकच्या मागे, त्याआधी दमणला होडीत. लावायला आपलं दार कुठेच नव्हतं.

(शेतावर हुदहुद पक्षी होता. तुरा उघडायचा, मिटायचा. त्याच्याकडे बघत बसलो आणि टायर किती जुने ते विचारायचं राहूनच गेलं.)

शनिवार, ११ जानेवारी

दिवसभर साइटवर परांची बांधताना चुकीचा क्लॅम्प मागत होतो. फोरमन म्हणाला, "कहाँ है भाई तू?" काय सांगू — सरकणाऱ्या भिंतीत!

सोमवार, १३ जानेवारी

मम्मीचा फोन. नेहमीचं — वसईला कधी येणार, किती दिवस असा फिरणार, अमक्याच्या मुलाने स्लॅब टाकला. माझ्या तोंडून निघून गेलं, "घर बघतोय मी इथे."

"खरं? किती खोल्या?"

"हॉल, किचन. बेडरूम वर."

"वर? म्हणजे माडी आहे?"

"तसंच म्हण."

तसंच म्हण!! ट्रेलर म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं? पण ती इतकी खूश होती. आणि पायऱ्या खरंच आहेत. तीन.

शुक्रवार, १७ जानेवारी

घोटाळा झालाय!

सॅन्ड्रा. आमच्या वसईकडच्या नंदाखालची. इथे दातांच्या दवाखान्यात असिस्टंट आहे, अल अझीझियाला एका व्हिलाच्या खोलीत सहा मुलींबरोबर राहते. वर्षभर मिस्सेनंतर भेटतो आम्ही, चर्चच्या कँटीनच्या मागे, एका कपात चहा. तिच्या वडिलांनी मागच्या नाताळात मला सरळ नकार दिला होता. म्हणाले, मुलीला काय सोफ्यावर नांदवणार?

आज सॅन्ड्रा धावतच आली. "इग्नेशियस, तू घर घेतलंस आणि मला सांगितलं नाहीस?"

मम्मी! बुधवारी संध्याकाळची मिस्सा सुटल्यावर नंदाखालच्या चर्चच्या पायऱ्यांवर तिने सॅन्ड्राच्या वडिलांना गाठलं. 'आमच्या इग्नेसने कतारला माडीचं घर घेतलं.' आणि वडील म्हणाले, मग बोलणी करू. सॅन्ड्राने आधी जाऊन बघावं आणि फोटो पाठवावेत.

"कुठे आहे? किती मजली?" तिने विचारलं.

मी म्हटलं, अजून कागद व्हायचेत. ते खरं आहे. पण कसले कागद ते नाही सांगितलं. ती इतकी आनंदात होती की तिने सगळा चहा मलाच दिला.

आता घेतलीच पाहिजे. नाहीतर मी खोटा. घेतली तरी — खोटाच?

रविवार, १९ जानेवारी

उमैर आज पोट धरून हसला. मी त्याला म्हटलं, ट्रेलर हलवायचा झाला तर ऑल्विन भावोजींची गाडी मागू, मागे हुक आहे. तो म्हणाला, "ओये, ये हुक से नहीं खिंचती! पिकअप के पेट में प्लेट लगती है, ये उस पे बैठती है." म्हणजे पिकअप वेगळी. तीही मोठी. मी दिवसभर साइटवर माणसं आणि माल चढवणारा माणूस, वजन कुठे बसतं एवढं साधं मला सुचलं नाही. मी फक्त दार बघत होतो!

मग तोच म्हणाला, हलवायची कशाला आत्ताच? शेतावर राहू दे.

शेत शफाबाईंचं. इथलीच, कतरी. डोरीनबाईंची मैत्रीण, रोपांची नर्सरी आहे तिथे. तिला विचारलं, ट्रेलर इथेच ठेवला तर चालेल का? मी राहीन. गोड हसली. म्हणाली, "इन्शाल्ला."

झालं की काम! येताना करक, म्हणजे इथला उकळलेला दुधाचा कडक चहा, पाजला उमैरला. तो गप्पच होता.

मंगळवार, २१ जानेवारी

जुलीताईला कळलं. डबे भरता भरता ऐकवलं —

"बारावीला बसला नाहीस. गोव्यात टिकला नाहीस. लेहला टिकला नाहीस. आता तर न टिकणारं घरच विकत घेतोयस! वा रे वा."

"चांगल्या क्वालिटीची आहे ताई. तीस-तीस वर्षं चालतात."

"ती चालेल रे. तू कुठवर चालशील?"

ऑल्विन भावोजी टीव्हीवरून नजर न काढता म्हणाले, "घेऊ दे गं. आपला सोफा तरी मोकळा होईल." हसले. मीही हसलो. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो थोडा वेळ.

गुरुवार, २३ जानेवारी

उमैरला राहवलं नाही, आज बसमध्ये बोललाच. "शफा बाजीने ना बोल दिया था, तुझे समझ नहीं आया?"

"इन्शाल्ला म्हणाली की!"

"हँस के बोली ना? वही तो. तू बॅचलर है, भाई. वहाँ उसकी बेटियाँ, बहुएँ आती-जाती हैं. छडे आदमी को फॅमिली के बीच कौन रखेगा?"

खरंच की. दोन वर्षं इथे राहतोय. बॅचलरला फॅमिली एरियात खोली मिळत नाही हे पोरासोरांना माहीत आहे. पार्कच्या गेटवरून परत फिरलोय मी फॅमिली डेला. पण जुलीताईकडे राहून मी स्वतःला फॅमिलीच समजायला लागलो होतो!

म्हणजे आता असं — घर असेल तर लग्न. लग्न झालं तर घर ठेवायला जागा. आधी काय?

डोरीनबाईंचा मेसेज. सौदीचा कुणीतरी विचारतोय. फेब्रुवारीचा पहिला आठवडा उलटला की त्या माझ्यासाठी थांबणार नाहीत.

शुक्रवार, २४ जानेवारी

फादरना गाठलं. मम्मीने फोनवर धोशा लावलाय, राहायला जाण्याआधी घराला आशीर्वाद घे, फादरना बोलव, सगळ्या खोल्यांत पवित्र पाणी शिंपडून घे. म्हणून फादरना विचारलं. खरं काय ते सगळं सांगितलं. ट्रेलर, चाकं, सगळं.

फादर मंगलोरचे. विचारात पडले. "घराची प्रार्थना वेगळी आहे, गाडीची वेगळी. कोणती म्हणू?"

"दोन्ही नाही म्हणता येणार, फादर?"

"येईल. पण तू त्याला काय समजतोस ते आधी सांग."

माझ्या मागे तीन माणसं उभी होती. एकाच्या हातात नव्या गाडीची किल्ली, त्याला किती सोपं! मी 'पुढच्या आठवड्यात सांगतो' म्हणून निसटलो.

आज सॅन्ड्राला टाळलं. तिने मला टाळताना बघितलं.

सोमवार, २७ जानेवारी

धूळ. सगळं पिवळं.

शुक्रवार, ३१ जानेवारी

सॅन्ड्राला सांगितलं. घर दाखवतो म्हणून नेलं. उमैरच्या गाडीत, मागच्या सीटवर, शेताच्या फाट्याशी पोचेपर्यंत तोंड उघडलं नाही. मग एका दमात — माडी नाही, घर नाही, ट्रेलर आहे, अजून घेतलेला नाही, ठेवायला जागाही नाही.

सॅन्ड्रा खिडकीबाहेर बघत राहिली. म्हटलं, परत फिरूया का? म्हणाली, "आलोय ना आता. बघू दे."

दारात तिने स्वतःहूनच चपला काढल्या. प्रत्येक कपाट उघडलं. नळ सोडले, खाली वाकून पाइपला हात लावून बघितला. छताच्या कोपऱ्यांत ओल शोधली. हे मी एकदाही केलं नव्हतं! मग तीन पायऱ्या चढून बेडरूममध्ये गेली आणि दार लावून घेतलं.

आतच राहिली. डोरीनबाईंनी मला बाहेर खुर्ची दिली, बिस्किटं दिली. शफाबाई रोपांना पाणी घालत होती, तिने भुवया उंचावून दाराकडे बघितलं. मला वाटलं आत रडतेय. दार वाजवू का? कुठल्या तोंडाने?

बाहेर आली तेव्हा रडलेली नव्हती. गालावर उशीची घडी उमटलेली! झोपली होती.

"दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी घोरलं नाही," म्हणाली. मग मला विचारलं, "हिला चाकं नसती तर घेतली असतीस?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

माहीत नाही! हो म्हणायचं होतं, गाढवा. किंवा नाही तरी. तिने मान हलवली, आणि डोरीनबाईंशी आणि शफाबाईंशी बोलत उभी राहिली. मी आणि उमैर गाडीत. परतताना एवढंच — "बाबांना फोटो पाठवू नकोस."

रविवार, २ फेब्रुवारी

मेसेज नाही. ऑनलाइन दिसते. मेसेज नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

नाही म्हणून टाकलं. खलास.

डोरीनबाईंना फोन केला. मला वाटलं रागावतील. 'तुला जे बरं वाटेल ते, बाळा' असं काहीतरी म्हणाल्या, आणि वर, नाहीतरी अजून कुणीतरी मागतंय. सौदीवाला असेल. नेऊ दे. चांगल्या वस्तूला चांगला माणूस मिळो.

मग मम्मीला. माडीपासून चाकांपर्यंत सगळं.

"म्हणजे माडी पण नाही?"

"नाही, मम्मी."

"आणि मी अख्ख्या नंदाखालला सांगून बसले. रविवारी कुठल्या तोंडाने मिस्सेला जाऊ मी?" फोन ठेवला. मग लगेच परत केला — "जेवलास का?"

सॅन्ड्राला लिहिलं की मी ट्रेलर घेत नाहीये. तिच्या बाबांना मी स्वतः फोन करून खरं सांगेन, आणि ती मोकळी आहे. मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या खुणा. बस्स.

हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटत. सोफा एवढा आखूड कधीपासून झाला?

बुधवार, ५ फेब्रुवारी

तिच्या बाबांना फोन केला. "ते कळलं मला," म्हणाले. आवाजात राग नव्हता. मला ते जास्तच वाईट वाटलं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

मिस्सेनंतर कँटीनच्या मागे सॅन्ड्रा. आज दोन कप. बोटात एक नवी किल्ली फिरवत होती.

"तू नाही म्हणालास, त्याच संध्याकाळी मी डोरीनबाईंना हो म्हटलं. दागिन्यांसाठी साठवलं होतं त्यातून. शफाबाई म्हणाल्या, एकटी मुलगी आहेस, खुशाल राहा, माझ्या नजरेसमोर राहशील. फादरना पण बोलावलंय. घराचीच प्रार्थना म्हणा म्हटलं."

मी विचारलं, "बाबा काय म्हणाले?"

"त्यांना सांगितलं, घर झालं. आता मुलगा बघतेय." तिने दुसरा कप माझ्यासमोर सरकवला. "तुझं स्थळ आलंय म्हणून कळवू का?"